आधी कागद, मग दगड

वाचकांचे प्रश्न. या वेळचा विषय : लढाईत गेलेल्या गावच्या जवानाची आठवण

खानापूर, निपाणी, चिकोडी आणि पलीकडच्या चंदगडकडून आलेल्या पत्रांत बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच आहे : स्मारकाला दगड कुठला घ्यावा? आम्ही क्रम उलटा लावलाय. दगडावर चुकलेलं अक्षर खोडता येत नाही, म्हणून कागदांची उत्तरं आधी.

प्रश्न : आमच्या पणजोबांचे धाकटे भाऊ पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याला’ (आजच्या इराकमधलं बसरा) गेले ते आलेच नाहीत. घरी पत्र्याच्या पेटीत एक जड गोल तबकडी आहे, तिच्यावर बाई आणि सिंह. गावच्या शाळेजवळ जुनी संगमरवरी पाटी आहे, पण तिच्यावर किती जण गेले आणि किती मेले एवढंच. नाव कुठे मिळेल? (खानापूर तालुका)

उत्तर : तबकडी घासू नका. तो तुमच्या हातातला सगळ्यांत पक्का पुरावा आहे. काशाची, साधारण १२ सेंटिमीटर व्यासाची ही तबकडी त्या युद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी पाठवायची पद्धत होती. बाई म्हणजे ब्रिटानिया, ब्रिटनचं प्रतीक. सिंहाच्या वर एक आडवी चौकट असते आणि तिच्यात नाव असतं. हुद्दा मुद्दामच घातलेला नाही, म्हणजे सुभेदार आणि शिपाई एकाच मापाचे. नाव कोरलेलं नसून ओतकामातच वर उठलेलं असतं. झिजलं असेल तर रात्री दिवा मालवून टॉर्च अगदी आडवा धरा. उठावाची सावली पडते आणि अक्षरं लागतात. तसाच फोटो काढून ठेवा.

त्याच पेटीत चांदीचं पदक असलं तर त्याची कड बघा. पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. नंबर मिळाला की अर्धं काम झालं, कारण एका पलटणीत एकाच नावाचे चार-पाच जण सहज निघतात.

मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे दोन्ही महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर शोधा. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात नोकरीत असताना मेलेल्यांची नोंद तिथे असते. आपली माणसं अडतात ती इंग्रजी स्पेलिंगवर. कारकुनानं ‘व’साठी कधी व्ही, कधी डब्ल्यू लिहिलाय, ‘ऊ’साठी दोन ओ, ‘ई’साठी दोन ई, ‘मराठा’ शब्दातसुद्धा तेव्हा ‘आर’च्या आधी एक ‘एच’ घालायचे. पुष्कळदा शिपायाचं पहिलं नावच आडनावाच्या रकान्यात बसलेलं असतं. म्हणून आधी नुसतं पहिलं नाव टाका, मग पलटण निवडा. तेव्हाच्या मराठा पलटणी म्हणजे १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. १९२२ साली त्या एका रेजिमेंटखाली आल्या, पण युद्धातल्या नोंदी जुन्या नंबरांनीच आहेत. १०३, ११० आणि ११७ या पलटणी इराकमधल्या कुत गावच्या वेढ्यात होत्या. २९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं आणि पुष्कळ जण पुढे तुर्कांच्या कैदेत मेले. मृत्यूची तारीख त्यानंतरची दिसली तर नोंद चुकली असं लगेच धरू नका.

जागेचं नाव शोधताना बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता हे ध्यानात ठेवा. शहापूर सांगली संस्थानात होतं, रायबाग कोल्हापूर संस्थानात. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं. चंदगडचा माणूस ‘कोल्हापूर’ टाकून सापडत नाही तो यामुळे.

आता बसऱ्याचं. तिथल्या स्मारकाच्या नावे ४० हजारांहून जास्त जणांची नोंद आहे, पण भिंतीवर हिंदी फौजेतल्या अधिकाऱ्यांचीच नावं कोरली. शिपायांचा पलटणीवार नुसता आकडा घातला आणि नावं वहीत ठेवली. तुमच्या शाळेजवळच्या पाटीनं केलं तेच, फक्त मोठ्या प्रमाणावर. या भेदभावाबद्दल कमिशननं २०२१ साली अहवाल काढून माफी मागितली आणि राहिलेली नावं शोधायचं काम हाती घेतलं. तुमच्या माणसाचं नाव यादीत नसेल तर तबकडीचा, पदकाच्या कडेचा आणि घरातल्या कागदाचा फोटो जोडून अर्ज करा. ‘घरचे सांगतात’ एवढ्यावर नोंद होत नाही. नोकरीत होता आणि त्या मुदतीत मेला, हे दोन्ही दाखवावं लागतं.

प्रश्न : मामांचे वडील दुसऱ्या महायुद्धात इटलीत गेले. त्यांची समाधी तिथे असेल का? (निपाणी)

उत्तर : हिंदू जवानांचं दहन झालं, त्यामुळे बहुधा थडगं नसतं, नाव असतं. इटलीत सांग्रो नदीजवळच्या आणि फोर्लीच्या युद्धस्मशानांत दहन झालेल्या हिंदी सैनिकांची वेगळी स्मारकं आहेत. ज्यांचा पत्ताच लागला नाही त्यांची नावं इटलीतल्याच कॅसिनो गावच्या स्मारकावर बघा. या युद्धाची मुदत ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. म्हणजे लढाई संपल्यावर नोकरीत असतानाच आजारानं गेलेलाही या यादीत येतो. या नोंदींत बापाचं नाव आणि गाव पुष्कळदा दिलेलं असतं, ते जरूर उतरवून घ्या.

प्रश्न : काका १९७१ च्या लढाईत गेले. आज्जी मार्गशीर्षातली तिथी धरायची, पंचायतीच्या यादीत तार आली ती तारीख आहे आणि पलटणीच्या पत्रात तिसरीच. दगडावर कुठली घालायची? (चिकोडी तालुका)

उत्तर : पलटणीच्या पत्रातली, पण रेकॉर्ड ऑफिसकडून, म्हणजे रेजिमेंटच्या जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीकडून, पक्की करून घेऊन. तार दोन-चार दिवसांनी यायची, कधी त्याहून उशिरा, आणि घरात तोच दिवस मनात बसायचा. तेव्हा पार्थिव घरी आणायची पद्धत नव्हती. आघाडीच्या मागेच अंत्यसंस्कार व्हायचे. तिरंग्यातली पेटी गावात यायला लागली ती कारगिलपासून. १९६२, ६५ आणि ७१ च्या घरांत तारखांचा घोळ जास्त दिसतो तो याच कारणानं. आणखी एक : गावात काही पुरलेलं नाही, तेव्हा दगडावर ‘समाधी’ लिहू नका. ‘स्मृतिस्तंभ’ लिहा.

काका मराठा लाइट इन्फंट्रीत असतील तर रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे. दुसऱ्या रेजिमेंटमध्ये, तोफखान्यात किंवा इंजिनिअर्समध्ये असतील तर त्यांचं रेकॉर्ड ऑफिस वेगळं. आपल्याकडचा प्रत्येक फौजी बेळगावच्या मराठा सेंटरचाच (मराठा रेजिमेंटच्या मुख्य ठाण्याचा), असं धरून अर्ज गेला की तो महिनोन्‌महिने फिरत राहतो. अर्जात आर्मी नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, पलटण, लढाईचं साल आणि तुमचं नातं लिहा. काकूंच्या फॅमिली पेन्शनच्या पीपीओची (पेन्शन देण्याच्या आदेशाची) झेरॉक्स जोडा, नंबर तिच्यावरच असतो. नंतरच्या काळातल्या नंबरांच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर लागतं. ते गाळू नका आणि आकडा समजून वाचू नका. मागायचं काय, तेही नेमकं लिहा : मृत्यूची तारीख, ठिकाण, कुठल्या कारवाईत, आणि नोंदीतलं नावाचं स्पेलिंग. ‘सर्व माहिती मिळावी’ असा अर्ज केला तर बहुधा काहीच हाती लागत नाही. साध्या अर्जाला उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून तोच अर्ज करा. वारसानं केलेला बरा, परक्याला खासगी माहिती नाकारता येते. जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयातूनही पत्र पुढे जातं.

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकाची नावं त्याच्या संकेतस्थळावर शोधता येतात. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्यांची नावं तिथे त्यागचक्राच्या ग्रॅनाइटवर आहेत. काकांचं नाव तिथे कसं लिहिलंय ते बघा आणि रेकॉर्डशी जुळवा.

आज्जीची तिथी मात्र मोडीत काढू नका. ती लढाई ३ ते १६ डिसेंबर अशी चालली आणि ते दिवस जवळजवळ पूर्ण मार्गशीर्ष वद्य पक्षात येतात. आज्जी ‘मार्गशीर्ष वद्य’ म्हणत असेल तर त्या सालचं पंचांग काढून तारखेशी ताडा. दोन्ही जुळली तर दगडावर दोन्ही घाला. कारगिलच्या घरांना एक जास्तीची अडचण आहे. १९९९ साली ज्येष्ठ अधिक होता, साधारण १६ मे ते १३ जून. त्या दिवसांत गेलेल्याची तिथी लिहिताना ‘अधिक’ शब्द गाळला की दिवस महिनाभरानं सरकतो. वर्षश्राद्ध कुठल्या ज्येष्ठात करायचं ते गुरुजी सांगतील. दगडावर तारीखच मोठी ठेवा.

प्रश्न : गावात तीन जवानांचा मिळून स्तंभ करायचाय. पंचायत जागा देते म्हणते. दगड, मजकूर, भाषा, सगळंच सांगा. (बेळगाव तालुका)

उत्तर : जागेपासून सुरुवात. ग्रामसभेत ठराव करून त्याची नक्कल घ्या. तोंडी शब्दावर बांधलेला स्तंभ पुढची बॉडी आली की अडचणीचा होतो. रस्त्याच्या कडेची जागा दिली तर नको म्हणा. रस्ता रुंद होताना पहिला तोच उखडतो. शाळेच्या किंवा देवळाच्या आवारातली जागा टिकते.

पाया जमिनीवर ठरतो. चिकोडी, अथणीकडच्या काळ्या रेगडीत पावसात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दोन वर्षांत स्तंभ कलतो. तिथे मुरूम लागेपर्यंत, निदान तीन-चार फूट खणा, काळी माती बाहेर काढा, मुरूम थराथरानं ठोकून भरा आणि वर चार इंच काँक्रीट घाला. खानापूरच्या जांभ्यात फुगायची भीती नाही. तिथे पाऊस त्रास देतो, म्हणून चौथऱ्याला बाहेरच्या बाजूला उतार द्या आणि स्तंभाचा माथा सपाट ठेवू नका. सपाट माथ्यावर पाणी साचून शेवाळ धरतं आणि काळे ओघळ नावांवरून उतरतात.

दगड काळा ग्रॅनाइट घ्या. संगमरवर शोभतो, पण आपल्या पावसात झिजतो आणि वीस-पंचवीस वर्षांत अक्षरं बोथट होतात. पाठीशी भिंत असेल तर ओट्याला वापरतात तो २० मिलिमीटरचा चालेल. सुटा उभा करायचा असेल तर ४०-५० मिलिमीटरचा हवा. आतल्या खुंट्या स्टेनलेस स्टीलच्या, १०-१२ मिलिमीटर जाडीच्या घाला. गवंडी हाताशी असलेली लोखंडी सळी टाकायला बघतो. तिला पाणी लागलं की गंज चढतो, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि दगड आतून फुटतो. बाहेरून कारण दिसत नाही, लोक दगडाला नावं ठेवतात.

अक्षरं खोल कोरून घ्या, निदान ३ मिलिमीटर. नुसतं घासून रंग भरलेली अक्षरं रंग उडाला की गेली. अक्षराची उंची एक इंच ठेवली तर आठ-दहा फुटांवरून वाचता येतात. दोन ओळींत मोकळी जागा जास्त सोडा, वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकतात. सगळ्यांत जास्त चुका कॉम्प्युटरवर होतात. मोबाइलवर पाठवलेला मजकूर डीटीपीवाल्याच्या जुन्या फॉन्टमध्ये गेला की रफार भलत्या अक्षरावर बसतो, ‘द्ध’ तुटतो. म्हणून कोरण्याआधी खऱ्या मापाचा कागद छापून भिंतीवर चिकटवा आणि तीन माणसांकडून वाचून घ्या. त्यातला एक घरचा असावा.

मजकूर असा : हुद्दा, पूर्ण नाव, नंबर, पलटण, जन्म, वीरमरणाची तारीख, ठिकाण. देणगीदारांची नावं घालायचीच तर मागच्या बाजूला, लहान अक्षरात. जवानाच्या नावापेक्षा उद्घाटकाचं नाव मोठं असलेले दगड आपल्याकडे काही कमी नाहीत. हुद्दा त्या काळचाच लिहा. १९६५ च्या आधीच्या जमादाराला आजचा नायब सुभेदार करू नका. गाव-जिल्ह्याचंही तसंच. तो गेला तेव्हा जिल्हा ज्या राज्यात होता ते इतिहासाच्या ओळीत चालेल, पण दगडावर नुसतं गावाचं नाव पुरतं आणि वादही होत नाही.

जन्मतारीख घालताना जरा थांबा. दाखल्यावर १ जून असेल तर ती गुरुजींनी शाळेत नाव घालताना टाकलेली असायची शक्यता मोठी आहे. आईला विचारा, कुठल्या सणाच्या पुढेमागे झाला. जुळलं नाही तर जन्माचं नुसतं साल घाला.

‘हुतात्मा’ की ‘शहीद’? फौजेच्या कागदांत दोन्ही नसतात. आपल्या भागात ‘हुतात्मा’ म्हटलं की १७ जानेवारी १९५६ चे सीमालढ्यातले हुतात्मे डोळ्यांपुढे येतात, परगावच्या माणसाचा गोंधळ होतो. ‘धारातीर्थी पडले’ किंवा ‘वीरमरण आले’ हे मराठीतलं जुनं आणि नेमकं आहे.

भाषा : मराठी आणि कन्नड दोन्ही, एकाच मापात. स्तंभ सगळ्या गावाचा आहे आणि जवानाच्या पलटणीत दोन्ही बोलणारे होते. कन्नड मजकूर गावच्या हायस्कूलच्या कन्नड शिक्षकांकडून तपासून घ्या, भाषांतराच्या ॲपवर सोडू नका. आडनावं हमखास बिघडतात. तीन सिंहांची राजमुद्रा कोरू नका, कायद्यानं मनाई आहे. रेजिमेंटचं चिन्ह हवं तर सेंटरला पत्र लिहून परवानगी घ्या. उद्घाटनाला स्तंभ तिरंग्यानं झाकायची हौस असते, पण ध्वजसंहितेला ते चालत नाही. साधं पांढरं कापड घ्या, तिरंगा बाजूला वेगळा फडकवा.

आणि नारळ फोडायला बाजूला एक वेगळा दगड बसवा. नाही बसवला तर लोक स्तंभाच्या कडेवरच फोडतात. तेल, दूध, कुंकू यांचे डाग ग्रॅनाइटवरही राहतात. धुताना साधं पाणी आणि काथ्याचा किंवा नायलॉनचा ब्रश. ॲसिड आणि तारेचा ब्रश नको.

कुणी वीरगळासारखा घडवायचं म्हणत असेल तर मन मोडू नका. या भागात देवळांच्या आवारात वीरगळ पुष्कळ उभे आहेत : खाली लढाई, मधे अप्सरा वीराला वर नेतात, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. घडवणारा पाथरवट मिळाला तर उत्तमच. फक्त त्यावर नाव आणि तारीख कोरा. जुन्या वीरगळांपैकी बहुतेकांवर नाव नाही आणि आज तो कोण, हे कुणालाच सांगता येत नाही.

प्रश्न : भावाचा एकच फोटो आहे. चंदनाचा हार घालून हॉलमध्ये लावलाय, तो काचेला चिकटला. सोडवू का? त्याची पत्रं लॅमिनेट करून घ्यावीत का? (गडहिंग्लज)

उत्तर : दोन्ही नको. फोटो ओढला तर चेहऱ्याचा थर काचेवर राहतो. काच बाहेरून पुसा, खोलीतला दिवा बंद करून खिडकीच्या बाजूच्या उजेडात, चमक येणार नाही असा काचेतूनच फोटो काढा किंवा फ्रेमसकट स्टुडिओत न्या. त्याची प्रत करून ती भिंतीवर लावा आणि मूळ फोटो काचेसकट कपाटात आडवा ठेवा. नवी फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यात तीन-चार मिलिमीटर पोकळी राहील अशी पुठ्ठ्याची पट्टी घालायला सांगा. पावसाळ्यात काचेच्या आत दमट धरतं, चिकटतो तो त्यानंच. ताज्या फुलांचा हारही फ्रेमवर रात्रभर ठेवू नका.

लॅमिनेशनची उष्णता आणि गोंद कागदात मुरतात, परत निघत नाहीत. टाचण्या, स्टेपल काढून टाका, गंजाचं भोक पडतं. सेलोटेप लावू नका. पत्र उलगडून, दोन्ही बाजूंनी, पाकिटासकट स्कॅन करा : पत्र ३०० डीपीआयवर, फोटो ६०० वर. पाकीट टाकू नका. त्यावरचा ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ हा फौजेच्या टपालाचा पत्ता असतो, मुक्काम नसतो. मुक्काम ठरवायला पलटणीचं नाव आणि शिक्क्यावरची तारीख लागते. लोखंडी ट्रंक भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दिवाळीत त्या बदला.

प्रश्न : पदकं काळी पडलीत. चिंचेनं घासली तर? (संकेश्वर)

उत्तर : नको. चिंच, राख, पितळेची पॉलिश, सगळ्यांनी कडेवरचं नाव झिजतं आणि फीत खराब होते. कोरड्या सुती फडक्यानं पुसा, सुती कापडात वेगवेगळी गुंडाळा. रबरबँड आणि लोकर जवळ ठेवू नका, त्यांतल्या गंधकानं चांदी आणखी काळवंडते.

प्रश्न : १९९९ साली गेलेल्या जवानावर शाळेला दोन पानं लिहून द्यायचीत. आई सत्तरीच्या पुढे आहेत. बोलतात, पण शेवटच्या दिवसावरच येऊन थांबतात. (खानापूर)

उत्तर : शेवटच्या दिवसाबद्दल विचारूच नका. तो कागदांत आहे, रेकॉर्डवाले देतील. आईंजवळ आधीची एकवीस-बावीस वर्षं आहेत आणि ती दुसरीकडे कुठेच नाहीत.

सकाळी जा, चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या वर बसू नका, दोन-तीन दिवसांत विभागून घ्या. पंखा बंद करा, फोन फ्लाइट मोडवर टाकून त्यांच्यापासून हातभर अंतरावर टॉवेलवर ठेवा, थेट टेबलावर ठेवला तर खडखड येते. हाताशी एखादी वस्तू असली की बोलणं आपोआप निघतं : शाळेचा दाखला, भरतीच्या वेळचा फोटो, मनीऑर्डरची पावती. पहिल्या पगाराचे किती पाठवले होते? भरतीसाठी पळायचा सराव कुठल्या रस्त्यावर करायचा? पहिल्यांदा कुठल्या भरतीत नापास झाला? सुट्टीवर आला की आधी काय खायला मागायचा, शेतात जायचा की नाही, कुणाशी भांडायचा? घरात मराठी बोलायचा, पलटणीतून आल्यावर हिंदी शब्द कुठले आले? मधे कन्नड आलं तर थांबवू नका, जसंच्या तसं उतरवा.

शाळेतून जनरल रजिस्टरचा नंबर आणि वर्ग घ्या. त्याच्याबरोबर भरती झालेला कुणी पेन्शनवर गावात असला तर त्याला वेगळं भेटा, आईंसमोर नको. तो जे सांगतो ते आईंना ठाऊक नसतं आणि काही वेळा ठाऊक व्हायलाही नको असतं. ते छापायचं की नाही हे घरच्यांनी ठरवायचं. लिहून झालं की पानं छापण्याआधी आईंना मोठ्यानं वाचून दाखवा. नाव, गाव, जन्म कुठे चुकलं तर त्या तिथल्या तिथे सांगतात. आणि घरात त्याला ज्या नावानं हाक मारायचे ते पहिल्याच ओळीत आहे का, तेवढं बघा.